देशाचं रिसर्च स्पेशलायझेशन मोजायला स्कोपस की ओपनअ‍ॅलेक्स?

वाशीच्या मावसबहिणीचा फोन आला, ताई, केमिस्ट्रीत कुठला देश कशात पुढे याचा नकाशा करायचाय, डेटा कुठला घेऊ? ठाणे-वाशी लोकलमध्ये बोलणं अर्धवट राहिलं म्हणून सविस्तर लिहितेय.

स्कोपस आणि ओपनअ‍ॅलेक्स, दोन्ही जगभरच्या रिसर्च पेपरांच्या नोंदींचे डेटाबेस, आणि हिशोब दोन्हीकडे तोच. जगातल्या केमिस्ट्रीच्या पेपरांत देशाचा वाटा ५ टक्के आणि त्यातल्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत १० टक्के असेल तर स्पेशलायझेशनचा इंडेक्स १० भागिले ५, म्हणजे २, आणि तिथे त्याचा जोर.

पैशात तुलनाच नाही, स्कोपसला सबस्क्रिप्शन लागतं आणि ओपनअ‍ॅलेक्स २०२२ पासून फुकट, अख्खा डेटा उतरवून घेता येतो.

खरा प्रश्न विषय किती बारीक पाडता येतात हा आहे, कारण आपल्याला केमिस्ट्रीच्या आत शिरायचंय. स्कोपसची विषयवारी जर्नलवरून ठरते, त्यामुळे सगळ्या विषयांचं छापणाऱ्या जर्नलमधले पेपर एकाच गोणीत जातात, ओपनअ‍ॅलेक्स मात्र प्रत्येक पेपरला सुमारे ४,५०० टॉपिकांमधून टॉपिक लावतं. इथे मला ओपनअ‍ॅलेक्सच आवडतं. इंग्रजीबाहेरचे पेपरही तिथे जास्त.

पण मेहनत! ओपनअ‍ॅलेक्सच्या बऱ्याच नोंदींत लेखकाची संस्थाच नसते, मग देश कळत नाही आणि नकाशा वाकडा होतो. स्कोपस यात जास्त स्वच्छ. आणि भारत-जर्मनी मिळून लिहिलेला पेपर दोघांना अर्धा-अर्धा दे, पूर्ण-पूर्ण नको.

कॉलेजात स्कोपस असेल, वेळ कमी असेल आणि मोठे विभागच हवे असतील तर तेच घे. बारीक उपविषय हवेत आणि पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) येत असेल तर ओपनअ‍ॅलेक्स, फक्त देश नसलेल्या नोंदी किती ते आधी मोज.