दुकान रिकामं, म्हणून दुकानाचाच गेम

मे महिन्यात युनिव्हर्सिटीला सुट्टी लागली की बडोद्याच्या सयाजीगंजातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात उरतो पंखा आणि मी. भाच्यानं मोबाईलमध्ये सुपरमार्केट चालवायचा एक फुकट गेम टाकून दिला. "मामा, काही करायचं नाही, आपोआप चालतं." तीन आठवडे खेळलो, तेव्हा कुठे लिहायला बसलोय.

सुरुवात झकास. टोमॅटोचा एक कप्पा, एक कॅशियर, दाराबाहेर रांग. पैसे जमले की कप्पा वाढवायचा. पंचविसाव्या लेव्हलला कमाई एकदम दुप्पट होते, त्यामुळे चोविसावर फोन ठेवणारा माणूस मला दाखवा. इथे उधारी नाही, जीएसटीचं रिटर्न नाही, टोमॅटो सडत नाहीत. आकडे मात्र आपले नाहीत: के, एम, बी, टी झाले की एए, एबी. एबी म्हणजे किती, असं हिनं विचारलं. सांगता आलं नाही. भरपूर, म्हटलं.

चौथ्या दुकानापाशी गाडी अडते. दर लेव्हलला पुढच्या लेव्हलचा भाव वाढत जातो आणि कमाई मागे पडते. मॅनेजर ठेवला तरी गेम बंद केल्यावर दोनच तासांचा गल्ला साठतो. रात्रभर झोपलात तरी दोनच तास. सकाळी तो उचलायला जावं, तर समोर बटण: जाहिरात बघा, दुप्पट घ्या.

एका रविवारी वहीत रेघा ओढून मोजल्या. 47 जाहिराती. तीस सेकंदांची एक धरली तरी साडेतेवीस मिनिटं झाली, आणि फुली शोधण्यात गेली ती वेगळी. ती फुली तांदळाच्या कणीएवढी. बोट जरा सरकलं की थेट प्ले स्टोअर उघडतं.

प्ले स्टोअरचा याबाबत नियम आहे. मध्येच अचानक येणारी पूर्ण पडद्याची जाहिरात 15 सेकंदांनंतर बंद करता आलीच पाहिजे, असं 2022 च्या सप्टेंबरअखेरीपासून लागू झालं. पण बक्षिसासाठी आपण होऊन लावलेल्या जाहिरातीला ही सक्ती नाही. म्हणून तर सगळं 'दुप्पट घ्या'च्या बटणावर बेतलेलं. दाबणारे आपण, तक्रार कोणाकडे करणार?

माझं खरं नुकसान वेगळंच. एक मुलगी प्रोजेक्टची चाळीस पानं घेऊन काउंटरवर आली. माझी जाहिरात बाविसाव्या सेकंदाला होती. मधेच बंद केली तर बक्षीस जातं. "एक मिनिट हं बेटा," म्हणालो. मान वर केली तेव्हा ती शेजारच्या दुकानात उभी होती. शेजारीही मराठीच, दांडिया बाजारात आमच्याच गल्लीत राहतो. त्यानं संध्याकाळी मुद्दाम चहा पाजला.

आता नेट बंद करून खेळतो. आपोआप येणाऱ्या जाहिराती थांबतात, दुप्पटीचं बटणही मेलेलं, दुकान बैलगाडीच्या चालीनं चालतं. तसा बरा वाटतो. पहिल्या दोन दिवसांना पाचपैकी चार तारे, पुढच्या एकोणीस दिवसांना दीड. जाहिराती काढायचं पॅकेज विकत घेतलं नाही. त्या पैशांत टोनर भरून येतो.

पाचवं दुकान अजून उघडलेलं नाही. जूनमध्ये कॉलेज सुरू होईपर्यंत उघडेल असं वाटतंय.