सेप्टिक टँक की दोन शोषखड्डे? पाखाडीच्या पायऱ्या मोजल्यात का आधी?

चुलतभाऊ गावात घर बांधतोय. परवा त्याचा फोन, गवंडी म्हणतो सेप्टिक टँकच घाल, ग्रामसेवक म्हणतात दोन खड्डे कर, तू काय ते सांग एकदाचं. तासभर बोललो त्याच्याशी आणि मग वाटलं लिहूनच काढू, कारण मे महिना आला की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. मी इंजिनियर वगैरे नाही, पण दोन्ही प्रकार आमच्याच परसात होऊन गेलेत त्यामुळे दोघांचीही खोड माहितेय.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. डांबरी रस्ता वर, घर खाली, मधे ७२ पायऱ्यांची पाखाडी. २००८ साली घर दुरुस्त केलं तेव्हा वडिलांनी सेप्टिक टँक बांधून घेतली, गवंड्याच्या हिशोबाने "जेवढी मोठी तेवढी बरी". सात वर्षं कोणी झाकण उघडून बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही, कारण एरवी घरात आईवडील दोघंच.

२०१५ च्या गणपतीत आम्ही बावीस जण. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संडासात पाणी ओतलं की गुळगुळ असा आवाज यायचा, मग पाणी वर येऊन थांबायचं आणि पाच मिनिटांनी हळूहळू उतरायचं, तोवर बाहेर पुढचा माणूस बादली घेऊन उभा. गौरी जेवायच्या दिवशी तर पुरुष मंडळी सकाळी टमरेल घेऊन सड्यावर गेली, मुंबईत वाढलेली पोरंसुद्धा. मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याला फोन केला तर म्हणाला गणपती होऊद्यात.

आला एकदाचा अनंत चतुर्दशीनंतर. पाईपला पाईप जोडत पाखाडीवरून खाली टाकीपर्यंत आणला, पंप चालू केला, पाईप थरथरला, थोडा काळा गाळ चढला आणि मधेच अडकला. परत केलं, परत तेच. तेव्हा कळलेली गोष्ट अशी की टँकरचा पंप मैला ढकलत नाही, तो नुसती पाईपातली हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा गाळाला वर दाबते. या हवेच्या जोरावर साधं पाणीसुद्धा फार तर ३३-३४ फूट चढतं, तेही कागदावर. गाळ त्याहून जड, शिवाय सांध्यासांध्यातून हवा शिरणार, म्हणजे २० फुटांच्या आसपासच दम निघाला. आमचा रस्ता ४० फूट वर! ड्रायव्हर पाईप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "काका, टाकी खाली बांधलीत ती बांधलीत, आता रस्ता खाली आणा." येण्याजाण्याचे पैसे घेतले आणि गेला.

मग एकाने सुचवलं की दोन माणसं आहेत, रात्री आत उतरतात, बादलीने काढून देतात, सहा हजार आणि वर एक बाटली. वडील थोडे तयार झाले होते, मी नाही म्हटलं. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे बंद टाकीतला गॅस. पहिला माणूस आत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. पेपरात येतात त्या बातम्या अशाच असतात. शेवटी ती टाकी आम्ही बंद करून टाकली, संडासाला दुसरी सोय होईपर्यंत शेजाऱ्यांकडे जायचो.

तर माझा निकाल तिथेच लागला हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी किती तटस्थ आहे ते तुम्हीच ठरवा.

२०१६ च्या मे मध्ये दोन शोषखड्डे घेतले. आतून जांभ्याचे चिरे, मधेमधे फटी ठेवून, तळाला कोबा नाही. संडासाचा पाईप एका छोट्या वाय चेंबरमधे येतो, तिथून दोन फाटे, एक फाटा नेहमी बंद. एक खड्डा भरला की तो फाटा बुजवायचा, दुसरा मोकळा करायचा, भरलेल्याकडे दीड-दोन वर्षं ढुंकून बघायचं नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि खाली राहतं त्याचं खत होतं, एवढंच तंत्र. यात नवीन काहीच नाही, मैल्याचं खत करणारे संडास गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात कधीच करून दाखवले होते, आपल्याच कोकणात. पण आपल्याला टाकी म्हटलं की पक्कं वाटतं आणि खड्डा म्हटलं की गरिबाचं.

वडिलांनाही तसंच वाटायचं. वर्षभर कुरकुर चालली होती, की चांगली टाकी टाकून खड्ड्यावर आलो. २०१७ मधे केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः असल्या खड्ड्यात उतरून खत काढत होते त्याचा फोटो दाखवला, तेव्हा म्हणाले, "सचिव उतरला का? मग असेल बाबा."

आमचा पहिला खड्डा २०२१ च्या ऑक्टोबरात भरला, म्हणजे साधारण पाच वर्षं. फाटा बदलला, दहा मिनिटांचं काम. २०२३ च्या मे मधे त्याचं झाकण काढलं, खोटं कशाला, नाकाला रुमाल बांधून उभा होतो. आत चहाच्या चोथ्यासारखी काळपट मोकळी माती, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा, दोन गांडुळं आणि कोणत्यातरी पोराने टाकलेलं प्लॅस्टिकचं झाकण, जसंच्या तसं. गड्याने आणि मी फावड्याने टोपल्या भरल्या. आईने भाजीच्या वाफ्यात टाकू दिलं नाही म्हणजे नाही, मग सगळं नारळाच्या आळ्यात गेलं. खणलेल्या मातीवरून बोट फिरवून बघितलं वडिलांनी. बोलले काही नाहीत.

आता सेप्टिक टँकची बाजूही मांडतो, नाहीतर अन्याय होईल. टाकी वाईट नाही, आमची बांधलेलीच चुकीची होती. आत आडवी भिंत नव्हती, म्हणजे तळाचा गाळ आणि वरची साय दोन्ही सरळ पुढे जायची. शिवाय लोकांना वाटतं टाकी केली की झालं, पण टाकीतून निघणारं पाणी स्वच्छ नसतं, त्यालाही पुढे शोषखड्डा लागतोच. बरेच जण ते गटारात नाहीतर पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात सोडतात आणि मग वाडीत डास का झाले म्हणून विचारतात. म्हणजे टाकी घेतली तरी एक खड्डा आहेच, मला वाटतं हा हिशोब गवंडी सांगत नाहीत. आणि ती दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, तुंबल्यावर नाही.

तरी काही ठिकाणी टाकीच घ्यावी. घाटावर काळी चिकण जमीन आहे तिथे पाणी मुरतच नाही, खड्डा महिन्याभरात तुडुंब. खलाटीत, खाडीच्या कडेला हातभर खणलं की पाणी लागतं तिथेही खड्ड्यांचा उपयोग नाही. घर मोठं, तीन-चार कमोड, दहा लिटरची फ्लश टाकी, दारात ट्रक येतो, असं असेल तर मीही टाकीच सांगेन, फक्त झाकण अंगणाच्या लादीखाली गाडू नका.

खड्ड्यांची कटकटही आहे, नाही असं नाही. जुलैत पाऊस चार-पाच दिवस खंड न घेता कोसळला की पाणी उतरायला वेळ लागतो, आम्ही झाकणं जमिनीपासून फूटभर उंच घेतली आणि भोवती मातीचा बांध केला तेव्हा जरा सुधारलं. न्हाणीचं पाणी त्यात अजिबात सोडायचं नाही, आमचं केळींना जातं. आईच्या गुडघ्यांसाठी एक कमोड बसवला त्याला लहान फ्लश घेतला. आणि विहीर. जांभ्यातून पाणी फटीफटीने कुठेही धावतं म्हणून पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, मी ५० फुटांच्या आत खड्डा घेणार नाही, आणि विहीर वरच्या अंगाला हवी. आमची सुदैवाने आहे.

बॅक्टेरिया पावडर, गूळ, शेणाचं पाणी असलं काही टाकायचं का हेही भावाने विचारलं. जुन्या टाकीत आम्ही सगळं टाकून झालेलं, मला तरी काही फरक दिसला नाही. लागणारे जंतू आपल्या पोटातून रोज फुकट जातातच, फक्त ॲसिड आणि फिनेल बाटलीच्या बाटली ओतू नका म्हणजे ते जगतील.

खर्च आमचा तेव्हा २७ हजार आला, चिरे घरचेच होते. कातळ लागला असता तर ब्रेकरवाल्यानेच तेवढे घेतले असते. सरकारी अनुदान तेव्हा १२ हजार होतं, आमच्याकडे आधीच संडास होता म्हणून मिळालं नाही.

भावाला शेवटी म्हटलं, तू नकाशा वगैरे नंतर दाखव, आधी लेव्हल ट्यूब घेऊन रस्त्यापासून टाकीच्या जागेपर्यंत उतार किती आहे तेवढं मोजून कळव. अजून फोन आलेला नाही. गवंड्याने बहुतेक खणायला घेतलं असणार.