अडुळसा की निर्गुडी? मुंबईच्या घरात एकच झुडूप लावायचं असेल तर

गॅलरीत एका मोठ्या कुंडीची जागा आहे किंवा सोसायटीच्या आवारात भिंतीलगत एक कोपरा मिळालाय, आणि तिथे औषधी झुडूप लावायचंय. मुंबईत अशा वेळी दोन नावं हमखास पुढे येतात: अडुळसा आणि निर्गुडी. दोन्ही आपल्याच मातीतली आणि चिवट आहेत. दोन्ही फांदीवरून लागतात, गुरं-शेळ्या दोन्हींना सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून बहुतेक जण ‘खोकल्याला अडुळसा, सांधेदुखीला निर्गुडी’ एवढ्यावर निवड करतात. आमच्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. आधी दोन गोष्टी बघा: जागेवर ऊन किती तास येतं, आणि ज्या उपयोगासाठी झाड हवंय त्याला एका वेळी पाला किती लागतो.

उन्हाचं आधी. अडुळसा अर्ध्या सावलीतही बरा वाढतो. सकाळचं तीन तास ऊन आणि बाकी वेळ नुसता उजेड मिळाला तरी पानं मोठी, गडद हिरवी येतात. निर्गुडीला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही तर ती मरत नाही, पण फांद्या काठीसारख्या लांब होतात, पेरांमधलं अंतर वाढतं, पानं विरळ होतात आणि चुरगळल्यावर येणारा तिचा उग्र वास फिका पडतो. तो वास पानातल्या तेलाचा असतो. वास नाही म्हणजे कामाचं तेलही कमी. मुंबईत उत्तरेकडच्या गॅलरीत हिवाळ्यात थेट ऊन पोचतच नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेलं. शेजारी टॉवर उभा असेल तर दक्षिणेची गॅलरीही त्याच हिशेबात धरावी. अशा घरात निर्गुडीचा हट्ट नको.

दुसरी अडचण वजनाची. अडुळसा छाटून चार फुटांवर ठेवता येतो. त्याला बारा ते चौदा इंची कुंडी पुरते, आणि ओल्या मातीसकट ती साधारण वीस-पंचवीस किलो भरते. निर्गुडीचा स्वभाव लहान झाड होण्याचा. जमिनीत ती सहज बारा-पंधरा फूट जाते. कुंडीत तिला सोळा ते अठरा इंच हवेत, म्हणजे पावसात भिजल्यावर पन्नास किलोच्या आसपास वजन. ते ग्रिलवर ठेवू नका. लाद्यांवर, भिंतीला लागून, तुळईच्या बाजूला ठेवा.

आता पाल्याचा हिशेब. खरा फरक इथे आहे.

अडुळशाचा साधा काढा करायला साधारण दहा ग्रॅम ताजा पाला लागतो, म्हणजे पाच-सहा मोठी पानं. पानं धुऊन, हातानं तुकडे करून दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवायची. झाकण अर्धवट ठेवावं. काढा चांगलाच कडू होतो. चवीसाठी ज्येष्ठमधाची काडी उकळतानाच टाकता येते. मध मात्र काढा कोमट झाल्यावरच घालावा. स्वरस, म्हणजे अंगरस, हवा असेल तर एक अडचण आहे: अडुळशाचं पान चामट, नुसतं वाटून पिळलं तर रस निघतच नाही. म्हणून जुन्या पद्धतीत पाल्याचा गोळा पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजत. त्याला पुटपाक म्हणतात. फ्लॅटमध्ये तेच काम मोदकपात्र करतं. पंधरा-वीस पानं केळीच्या पानात बांधून दहा-बारा मिनिटं वाफवायची, गरम असतानाच खलबत्त्यात ठेचून सुती फडक्यातून पिळायची. जेमतेम दोन-तीन चमचे रस मिळतो. मोठ्या माणसासाठी दोन चमचे रसात एक चमचा मध, ही रूढ मात्रा. वर्षभर वाढलेल्या कुंडीतल्या झाडावरून एका वेळी पंधरा-वीस पानं काढली तर झाडाला जाणवतही नाही. एकूण पानांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एकदम तोडायची नाहीत, एवढा नियम पाळला की पुरे.

निर्गुडीचं गणित वेगळं आहे, कारण तिचे बहुतेक घरगुती उपयोग बाहेरून करायचे असतात आणि त्यांना पाला ओंजळीनं लागतो. शेकाच्या पुरचुंडीला दोन मुठी. पाला तव्यावर चमचाभर तीळतेलात परतून जुन्या धोतराच्या कापडात बांधायचा आणि गुडघा, घोटा, पाठ शेकायची. तीच पुरचुंडी फार तर दोनदा चालते. सर्दीच्या वाफाऱ्याला एक मूठ. कोकणात बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निर्गुडीचा पाला उकळून घालतात, त्याला दर दिवशी चांगला मोठा जुडगा लागतो. आणि तेल करायचं असेल तर शास्त्रातलं प्रमाण असं: कल्क (म्हणजे वाटलेला पाला) एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे फक्त शंभर मिली तेलासाठी पंचवीस ग्रॅम वाटलेला पाला आणि चारशे मिली काढा. ताज्या पाल्याच्या चौपट पाणी घेऊन ते पाव उरेपर्यंत आटवायचं म्हटलं, तर चारशे ग्रॅम पाला आणि सोळाशे मिली पाणी झालं. कुंडीतली निर्गुडी एवढा पाला वर्षातून एखाद-दोनदा देईल, तोही ती जवळजवळ बोडकी करून. जमिनीतलं तीन वर्षांचं झाड तेवढा पाला एका छाटणीत देतं.

तेल करताना चूक होते ती शेवटी. पाण्याचा अंश उरला तर तेल महिन्याभरात खवट होतं किंवा वर बुरशी धरते, आणि मुंबईच्या दमट हवेत ते आणखी लवकर होतं. आच मंदच ठेवा, कल्क तळाशी लागू देऊ नका. तेल सिद्ध होत आलं की वर फेस येतो (तुपाचं उलट असतं, तिथे फेस बसतो). थोडा कल्क बोटांत वळून बघा. त्याची वात वळली आणि विस्तवावर धरल्यावर तडतड आवाज आला नाही, म्हणजे पाणी उडालंय. गरम असतानाच गाळा आणि पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

थोडक्यात, खोकल्याच्या दिवसांत घरच्या दोघा-तिघांची गरज अडुळशाची एक कुंडी भागवते. निर्गुडीची एक कुंडी पुरचुंडी आणि वाफाऱ्यापुरती आहे. ऊन भरपूर आणि जमीन मोकळी असेल, घरात गुडघ्यांची जुनी तक्रार असेल, तर मात्र निर्गुडीसारखं उपयोगी झुडूप नाही. शिवाय तिचा वाळलेला पाला तांदळाच्या डब्यात पातळ कापडाच्या पिशवीत ठेवला तर पोरकिडे कमी लागतात. डास घालवायला पाला जाळतात, पण बंद फ्लॅटमध्ये तो धूर दम्याच्या माणसाला त्रासच देईल. ते आवारात, मोकळ्यावर ठीक.

रोप घेताना

नर्सरीत ‘अडुळसा’ मागितल्यावर पुष्कळदा काळा अडुळसा हाती पडतो. ते वेगळं झाड आहे, बागांच्या कुंपणाला लावतात. त्याची पानं बोटाएवढी अरुंद, देठ-खोड जांभळट. खरा अडुळसा, शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा, याची पानं चार ते आठ इंच लांब, भाल्याच्या पात्यासारखी, समोरासमोर येणारी. फूल पांढरं, आत जांभळट रेघा, दोन ओठांचं. सिंहाच्या जबड्यासारखं दिसतं म्हणून संस्कृतात त्याला ‘सिंहास्य’ म्हणतात. फुलं साधारण हिवाळ्यात येतात. पावसाळ्यात रोप घेताना पानावरूनच ओळखावं लागतं.

निर्गुडीतही तशीच गल्लत. खऱ्या निर्गुडीचं, शास्त्रीय नाव वायटेक्स नेगुंडो, पान तीन किंवा पाच पर्णिकांचं, हाताच्या पंजासारखं, खालून राखाडी-पांढरं. शोभेच्या झाडांत खालून जांभळं किंवा कडेला पांढरी नक्षी असलेलं जे मिळतं ते पाणनिर्गुडीचं वाण असतं, नातेवाईक खरं पण तेच नव्हे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पाणनिर्गुडी उत्तम टिकते, त्यामुळे समुद्राकाठच्या इमारतींत तीच जास्त दिसते. खाऱ्या वाऱ्याला तोंड असलेल्या गॅलरीत अडुळशाची मोठी पानं कडेनं करपतात. त्याला आडोसा द्या. राष्ट्रीय उद्यानातून फांदी तोडून आणण्याचा मोह मात्र नको, तो गुन्हा आहे.

लावणी आणि मुंबईचा पाऊस

दोन्हींसाठी जूनचा दुसरा पंधरवडा चांगला. अडुळशाची पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना पूर्ण जून, सहा-सात इंचांची फांदी घ्या. तीन-चार पेरं हवीत. खालचा छेद पेराच्या लगेच खाली तिरका घ्यावा, वरची दोनच पानं ठेवून तीही अर्धी कापावीत, म्हणजे बाष्प कमी उडतं. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. तीन ते चार आठवड्यांत मुळं फुटतात. निर्गुडीची काडी थोडी जास्त जून आणि आठ-दहा इंची घ्यावी. चार-पाच काड्या एकदम लावा, दोन-तीन जगतील. काडी उलटी खोचली जाण्याची चूक दोन्हींत होते. वरचा छेद सरळ आणि खालचा तिरका ठेवला की गोंधळ होत नाही.

कुंडीत लाल माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, जाडी वाळू एक भाग. तळाशी विटांचे तुकडे. नुसती लाल माती भरली की जुलैच्या पावसात ती दाबून घट्ट बसते, पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. अडुळसा यानंच सगळ्यात जास्त मरतो, आणि मरताना फसवतो. पानं माना टाकतात, माणूस ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी घालतो. बोट दोन इंच मातीत घालून बघा. ओल असेल आणि पानं मलूल असतील तर पाणी थांबवून कुंडीची भोकं मोकळी करा. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळाभर काढूनच ठेवा. तिथे डासांची अंडी होतात, आणि पालिकेची माणसं तपासायला येतात ती त्यासाठीच.

ऑक्टोबरच्या उन्हात अडुळशाला रोज पाणी लागतं, निर्गुडीला दिवसाआड. निर्गुडी उन्हाळ्यात कोरडी पडली तर पानं गाळते. घाबरू नका, खोड नखानं खरवडून आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. पिठ्या ढेकूण अडुळशावर पानाच्या बेचक्यात येतो. आधी ओल्या फडक्यानं पुसा. भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंब तेल आणि थोडा पातळ साबण घालून फवारा, आणि पुढचे दहा दिवस ती पानं पोटात घेऊ नका. मेअखेरीस दोन्हींची जोरकस छाटणी करा.

कोणी घेऊ नये

अडुळसा गरोदर बाईनं अजिबात घेऊ नये. त्यातलं व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं. जास्त मात्रा झाली तर मळमळ, उलटी होते. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोम्हेक्सिन या व्हॅसिसिनवरूनच बेतलेलं आहे आणि अँब्रोक्सॉल त्याचंच पुढचं रूप, त्यामुळे तसं सिरप चालू असताना वर काढा घेण्यात अर्थ नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, म्हणजे मध घातलेला रसही नको. निर्गुडी घरच्या घरी फक्त बाहेरून वापरावी. पोटातून घ्यायची तर मात्रा वैद्यानं ठरवावी. वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयात त्यासाठी विचारता येतं. शेक ताज्या लचकीवर नको, सूज लाल आणि गरम असेल तर पहिले दोन दिवस थंडच. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, कफात रक्त दिसलं, वजन उतरलं, संध्याकाळी ताप येऊ लागला तर काढा बाजूला ठेवून पालिकेच्या दवाखान्यात क्षयाची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.

आवारात जागा असेल आणि सोसायटी राजी असेल, तर निर्गुडी तिथे जमिनीत, भिंतीपासून दीड मीटर सोडून लावा आणि अडुळसा गॅलरीत ठेवा. जागा एकच असेल आणि ती गॅलरी असेल, तर अडुळसा.