पॉलिहाऊससाठी सोलर किट घेताना माझी झालेली १९,१३० रुपयांची फसवणूक

जुन्नर तालुक्यात आमचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे. आतील तापमान आणि आर्द्रता पाहून फॉगरचा (पाण्याचे बारीक धुके सोडणाऱ्या यंत्रणेचा) पंप आपोआप सुरू करणारे, सौरऊर्जेवर चालणारे छोटे उपकरण घरीच जोडावे, या हेतूने मी समाजमाध्यमावर जाहिरात करणाऱ्या एका विक्रेत्याकडून किट मागवले आणि त्यात माझे एकूण १९,१३० रुपये गेले. हिशेब आधीच मांडतो, म्हणजे कोणाला अतिशयोक्ती वाटणार नाही. किटची किंमत १४,७५० रुपये होती. त्यांपैकी ५,००० आगाऊ यूपीआयने दिले आणि ९,७५० पार्सल ताब्यात घेताना दिले. त्यानंतर बॅटरी बदलून देण्यासाठी ‘फरक’ म्हणून ३,२०० घेतले गेले आणि शेवटी परताव्याचे ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून जीएसटीसह १,१८० उकळले गेले.

हा हट्ट कशासाठी, असे अनेकांनी मला विचारले. मार्चपासून पॉलिहाऊसमध्ये दुपारी उष्णता इतकी साठते की ढोबळी मिरचीची फुले गळू लागतात. फॉगर वेळेवर चालले तरच पीक तग धरते. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, त्यामुळे ज्या दुपारी फॉगरची सर्वाधिक गरज असते त्याच दुपारी मोटर बंद असते. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. ईएसपी-३२ हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, त्यावर आर्द्रतेचा सेन्सर, पंप चालू-बंद करणारा एक रिले आणि १२ व्होल्टचा डायफ्राम पंप एवढ्यात काम भागेल, असे त्याने कागदावर आकृती काढून दाखवले होते आणि त्याची आकृती बरोबरच होती. चूक झाली ती वीज पुरवणाऱ्या भागात, आणि ती आकृतीतली नव्हती, आम्हाला विकलेल्या मालातली होती.

विक्रेत्याने १०० वॅटचे पॅनल, २० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) चार्ज कंट्रोलर, १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ईएसपी-३२, तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी-२२ सेन्सर आणि मातीतील ओलावा मोजणारे दोन सेन्सर देण्याचे लेखी कबूल केले होते. तालुक्याच्या बाजारात हेच सुटे भाग घेतले तर साडेवीस हजारांच्या आसपास जात होते. म्हणजे किंमत फुकटात पडल्यासारखी नव्हती. घाऊक खरेदी करणाऱ्याला परवडेल इतकाच फरक होता, आणि म्हणूनच संशय आला नाही. ‘स्वस्ताच्या मोहाला भुललात’ असे मला सुनावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पार्सल आले तेव्हाचा प्रसंग मला आजही स्वस्थ बसू देत नाही. कुरिअरवाल्याने पैसे घेतल्याशिवाय खोके उघडू दिले नाही. पैसे दिल्यावर ते उघडले, तेव्हा विक्रेत्याच्या अटीप्रमाणे आम्ही सलग व्हिडिओही काढला. भाच्याने पॅनल एका हाताने उचलले आणि म्हणाला, “मामा, हे शंभर वॅटचं वाटत नाही.” आम्ही टेप लावली. लांबी ६७ सेंटीमीटर, रुंदी ४३ सेंटीमीटर. मागच्या बाजूला १०० वॅटचे चकचकीत लेबल होते आणि त्याच्या एका कोपऱ्याखालून जुन्या लेबलची पांढरी कड दिसत होती. मी तिथेच विक्रेत्याला फोन लावला. तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, “दादा, हे नवीन हाफ-कट टेक्नॉलॉजीचं आहे, साइज लहानच असते. तुम्ही मीटर लावा ना. एकवीस व्होल्ट दाखवलं की पॅनल ओके.” आम्ही मीटर लावला. उन्हात २१.४ व्होल्ट दिसले आणि आम्ही गप्प बसलो.

नेमके इथेच आम्हाला गाठले गेले. १२ व्होल्टच्या प्रणालीसाठी बनवलेले पॅनल १० वॅटचे असो वा १०० वॅटचे, त्यात साधारणपणे ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि उघड्या टोकांवर ते एकवीस-बावीस व्होल्टच दाखवते. व्होल्टेजवरून वॅट कळत नाहीत. ते करंटवरून कळतात. नवशिक्याला मल्टिमीटरवर व्होल्ट मोजता येतात, पण शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलची दोन टोके थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह, मोजायला तो बिचकतो, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्याने स्वतःच्या सोयीची तीच चाचणी आम्हाला करायला लावली. पुढे भाच्याच्या शिक्षकांच्या सांगण्यावरून आम्ही लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून भर दुपारच्या निरभ्र उन्हात करंट मोजला, तेव्हा तो २.२ अँपिअर भरला. खऱ्या १०० वॅटच्या पॅनलने साडेपाच ते सहा अँपिअर दाखवायला हवे होते. आमचे पॅनल ४० वॅटचे होते.

खरे तर मीटरचीही गरज नव्हती. ६७ गुणिले ४३ सेंटीमीटर म्हणजे ०.२९ चौरस मीटरही भरत नाही. प्रमाणित चाचणीत प्रति चौरस मीटर १,००० वॅट प्रकाश धरतात. तेव्हा एवढ्या क्षेत्रातून १०० वॅट मिळवायचे तर पॅनलची कार्यक्षमता सुमारे ३५ टक्के असावी लागेल. बाजारातील चांगली सिलिकॉन पॅनल्स २० ते २४ टक्क्यांच्या दरम्यान असतात आणि साध्या सिलिकॉन सेलची सैद्धांतिक मर्यादाच २९ टक्क्यांच्या आसपास आहे. टेप आमच्या हातात होती, लेबलाची कड डोळ्यांसमोर होती. फक्त हा गुणाकार आम्हाला कोणी शिकवलेला नव्हता.

बॅटरीचा प्रकार तर याहून वाईट होता. २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन किलोंच्या पुढे भरते. आमची एक किलोसुद्धा नव्हती. आल्या दिवशी तिच्यावर ११.४ व्होल्ट दिसले, त्यावर “ट्रान्सपोर्टसाठी डिस्चार्ज करूनच पाठवतात” असे उत्तर मिळाले. पंपाला ५ अँपिअर लागतात, म्हणजे ती भरल्यावर जवळपास चार तास चालायला हवी होती. ती तासाभरात बसली. शेवटी तिचे निळे वेष्टन कापले, तर आत वेगवेगळ्या रंगांचे, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले १८६५० मापाचे साधे लिथियम आयन सेल होते. टोकांवर आधीच्या स्पॉट वेल्डिंगचे व्रण स्पष्ट दिसत होते. तीन-तीन सेल मालिकेत जोडून त्यांवर चार सेलांच्या फॉस्फेट बॅटरीचे लेबल लावलेले होते.

हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. फॉस्फेट बॅटरीचे चार सेल १४.६ व्होल्टपर्यंत भरतात, आणि सूचनापत्रात लिहिल्याप्रमाणे आम्ही कंट्रोलर त्याच प्रकारावर ठेवला होता. साध्या लिथियम आयनचे तीन सेल १२.६ व्होल्टच्या पुढे जाता कामा नयेत. १४.६ व्होल्ट तीन सेलांत वाटले की प्रत्येकावर ४.८ व्होल्टच्या वर येतात, जिथे ४.२ ही मर्यादा आहे. आत एक किरकोळ संरक्षक सर्किट होते, त्याने पुरवठा तोडला म्हणून आम्ही वाचलो. ते पेटले असते, तर वर २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद होता आणि आत आमचा माणूस काम करत होता. असा माल विकणाऱ्याला मी ठग म्हणत नाही. माणसाच्या जिवाची पर्वा नसलेला गुन्हेगार म्हणतो.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात सांगतो. एमपीपीटी छापलेला कंट्रोलर पीडब्ल्यूएम, म्हणजे साध्या प्रकारचा, निघाला. आत एमपीपीटीला लागणारी तांब्याची कॉइलच नव्हती. पांढऱ्या डीएचटी-२२ ऐवजी निळा डीएचटी-११ आला. त्याची आर्द्रतेतील चूक पाच टक्क्यांच्या घरात असते आणि नव्वदीच्या वर त्याचा भरवसा नसतो, म्हणजे पहाटेच्या पॉलिहाऊसमध्ये तो निरुपयोगीच.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने बॅटरी बदलून देण्याचे मान्य केले आणि ‘मोठ्या मॉडेलचा’ फरक म्हणून ३,२०० रुपये मागितले. पीक करपत असताना मी ते दिले. बॅटरी आली नाही. मग पूर्ण परताव्याची भाषा सुरू झाली, आणि परतावा मंजूर झाल्याच्या कागदावर बँकेसारखा शिक्का पाहून मी १,१८० रुपयेही भरले. परतावा देणारा कधीही आधी पैसे मागत नाही, हे मी शंभरदा वाचले होते. परंतु १७,९५० रुपये अडकलेल्या माणसाला त्यांतले काही परत मिळेल अशी आशा दाखवली, तर तो काय करतो, हे ज्याचे अडकले नाहीत त्याला समजत नाही.

त्यानंतरचा अनुभव अधिक संतापजनक आहे. बँकेने सांगितले की यूपीआय पिन तुम्हीच टाकला, म्हणून हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही. ऑनलाइन तक्रारीची पावती घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न केला, “वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग हा दिवाणी वाद झाला.” पॅनलवरची दोन लेबले, कापलेली बॅटरी, मीटरचे फोटो हे सर्व मी टेबलावर मांडले, त्यांनी पॅनल हातातसुद्धा घेतले नाही. सायबरकडे जा, म्हणाले. तिथून स्थानिक ठाण्याकडे पाठवले गेले. खोटे लेबल लावून जाणूनबुजून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणायचे कशाला? कुरिअर कंपनीने आम्ही केवळ वाहतूकदार आहोत असे लिहून दिले, पण पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता द्यायला नकार दिला. आणि रक्कम लहान आहे, सोडून द्या, असे मला एकाहून अधिक जणांनी सरकारी खुर्चीत बसून सांगितले. १९,१३० रुपये ज्यांना लहान वाटतात, त्यांनी एकदा ढोबळी मिरचीच्या क्रेट वाहून ती रक्कम जमवून दाखवावी.

बिलावरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता आणि विक्रेता स्वतःला पुण्याचा म्हणवत होता. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक कोणालाही तपासता येतो, आणि आगाऊ पैसे देण्यापूर्वी तपासावा. पॅनल आणि लिथियम सेल या दोन्हींना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक नसेल तर तिथेच थांबावे, असेल तर ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर पाहावा. पॅनल घेताना विक्रेत्याला व्होल्ट नव्हे, शॉर्ट सर्किट करंट विचारावा, आणि लांबी-रुंदी लेखी मागावी. पैसे गेल्याचे लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वीच ती गोठवता येते. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काढणार असाल, तर वस्तू तराजूवर ठेवून काढा. आमच्या व्हिडिओत वजन दिसत नाही, हेच कारण देऊन कबूल केलेली बदली नंतर नाकारली गेली होती. कोणी कृषी अनुदानाची फाइल करून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर फोन ठेवा. अर्ज शेतकरी स्वतः महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करतो.

मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करत आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शनही मिळते. निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु ज्यांनी अशी किटे घेऊन पॉलिहाऊसमध्ये किंवा शेडनेटमध्ये बसवली आहेत, त्यांनी आजच बॅटरी कंट्रोलरपासून सोडवून बाहेर मोकळ्या जागेत न्यावी आणि वजन करावे. लेबलावर १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवर असूनही ती किलोभर भरत असेल, तर ती पुन्हा चार्जिंगला लावू नये.