इंकस्टिच, आठ महिन्यांनंतर: देवनागरी नावांचं पंचिंग

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणारं, एम्ब्रॉयडरी मशीनसाठी डिझाइन तयार करणारं इंकस्टिच हे मोफत एक्स्टेन्शन आठ महिने सतत वापरात आहे. काम पंचिंगचं, म्हणजे आकाराचे मशीनचे टाके बनवण्याचं; मुख्यतः खिशावरची आणि टी-शर्टवरची देवनागरी नावं. त्याला ते पुरून उरतं. पण फॉन्टमध्ये नाव टाइप करून थेट पीईएस (मशीन वाचतं ती टाक्यांची) फाइल काढली, तर अक्षर हमखास बिघडतं.

मूळ अडचण शिरोरेषेची. 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून मजकुराचे आकार बनवल्यावर प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन सुटं होतं आणि शेजारच्यावर किंचित चढतं. त्या जोडावर टाके दुहेरी पडतात, गाठ उठते, दोरा तुटतो. फिल टाकाच (आकार आतून भरणारा) हवा असेल तर आधी 'युनियन' करून सगळे आकार एक करा. लहान नावाला मात्र सॅटिनच (पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा दाट टाका) शोभतो, आणि तो हातानेच मांडावा: १.५ मिमी जाडीची रेघ ओढून 'कन्व्हर्ट लाइन टू सॅटिन'. आधी दंड, वळणं, वेलांट्या. शिरोरेषा शेवटी, एकसंध. ऑब्जेक्टच्या यादीत खालचं आधी शिवलं जातं, म्हणून शिरोरेषा सगळ्यांत वर ठेवा.

दोरा ताणला की सॅटिनची पट्टी रुंदीला आक्रसते आणि टोकांना लांबते. शिरोरेषेचे टाके उभे, त्यामुळे ती बारीक होऊन दंडापासून सुटते. 'म'च्या डोक्यावर कापड डोकावतं. दंडाचं टोक शिरोरेषेच्या निम्म्या जाडीपर्यंत आत घुसवलं की फट जाते. पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे आक्रसणं भरून काढायला दिलेली जादा रुंदी, सुतीला ०.२, होजिअरीला ०.४ मिमी. अंडरले (सॅटिनखालचे आधाराचे टाके) सेंटर-वॉक, म्हणजे रेघेच्या मधोमध जाणारा; रेघ २ मिमीच्या वर गेली तर झिगझॅगही. वरच्या सॅटिनच्या टाक्यांमधलं अंतर ('झिगझॅग स्पेसिंग') ०.४ मिमी ठीक, ०.३ वर आणलं की पातळ कापड गोळा होतं.

अनुस्वार १.२ मिमीपेक्षा लहान नको, सुई तिथेच घुसून भोक पाडते. सुई ७५/११, दोरा ४० नंबर. होजिअरीखाली आधाराला कट-अवे (जादाचा कापून काढायचा) पेपरच. फाडायचा पेपर काढताना अक्षर वाकतं.

सिम्युलेटर टाक्यांचा क्रम आणि उड्या छान दाखवतो, ताण दाखवत नाही. म्हणून त्याच कापडाच्या तुकड्यावर, तोच पेपर लावून एकदा शिवून बघाच.

इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल जपून ठेवा. इंकस्टिचने काढलेल्या पीईएसमध्ये बदलता येईल असा आकार नसतो, नुसते टाके असतात. मशीनवर नाव मोठं केलं की बहुतेक मशीन तेवढेच टाके लांबवतं आणि सॅटिन विरळ पडतो. माप बदलायचं तर एसव्हीजीतच बदला आणि पीईएस नव्याने काढा.