सकाळी अडणारी गाडी दुपारी ‘दुरुस्त’ होते तेव्हा

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात आंबिया बहाराचा संत्रा निघाला की पिकअपवाल्याची रात्र कुठे संपते आणि पहाट कुठे सुरू होते, कळत नाही. बागेतून कॅरेट भरायचे आणि अंधारातच नागपूरच्या कळमना बाजाराचा रस्ता धरायचा. ऐन त्याच दिवसांत, डिसेंबरच्या थंडीत, माझी जुनी डिझेल पिकअप पहाटे अडायला लागली. सेल्फ जोरात फिरायचा, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा, पण इंजिन धरायचं नाही. पोरांनी धक्का दिला की सुरू. एकदा गरम झाली की मग दिवसभर अर्ध्या सेल्फवर.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याला हे सगळं असंच सांगितलं. त्याने बॉनेट उघडलं, सेल्फ मारून पाहिला आणि तिथल्या तिथे निकाल दिला. “भाऊ, पंप गेला तुमचा. नोझलबी थेंब टाकून रायले. आता नाई केलं तं इंजिनच बसन.” इंजिनात डिझेल ढकलणारा पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवायला, अमरावतीला पाठवायचा, डिझेल फवारणारे चारही नोझल नवे टाकायचे, सगळं धरून 18,500 रुपये. थंड इंजिन सुरू होण्याआधी आतून गरम करणाऱ्या हीटर प्लगचं नावही त्याने काढलं नाही. इकडे संत्रा तोडून पडलेला आणि बागवाल्यांचे फोनवर फोन. हो म्हटलं.

त्याने गाडी माझ्या ताब्यात दिली ती भर दुपारी. किल्ली फिरवली आणि एका सेल्फात चालू. “पाहा!” म्हणाला. बॉनेट तेव्हा चांगलं तापलेलं होतं. फसवणूक खरी इथे आहे. थंडीत अडणारी गाडी गरम इंजिनावर कोणीही चालू करून दाखवेल, त्यासाठी आत एक नटही हलवायची गरज नाही.

पुढच्याच पहाटे पुन्हा तेच. फोन केला तर म्हणे, “नवीन नोझल हायेत, सेट व्हाले वेळ लागते.” मग म्हणे डिझेल खराब. शेवटी स्वतः आला, एअर फिल्टरच्या तोंडात कसलासा स्प्रे मारला, गाडी चालू झाली, आणि तो डबाही मलाच विकून गेला. हा स्टार्टिंग स्प्रे लगेच पेटतो. ज्या इंजिनात हीटर प्लग आहेत तिथे तो मारला तर वेळेआधी भडका होऊन पिस्टन-रिंग तुटू शकते. हे मला नंतर कळलं.

खरा दोष सापडला तो हॉर्नच्या कामात. वरुडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हॉर्न दाखवायला गेलो होतो, बोलता बोलता विषय निघाला. त्याने टेस्ट लॅम्प काढला, एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, हीटर प्लगवरची पट्टी सोडवली आणि दुसरं टोक एकेका प्लगच्या शेंड्याला टेकवलं. दिवा लागला तर प्लगची कॉइल शाबूत, नाही लागला तर जळालेली. चारपैकी एकाच प्लगवर दिवा लागला. “पण डॅशबोर्डवर कॉइलचा दिवा तर रोज येतो,” मी म्हटलं. तो म्हणाला, “तो टायमरवर लागते भाऊ. प्लग मेले तरी लागते.”

मग त्याने पंपाकडे बोट दाखवलं. पंपाचे बोल्ट, नोझलच्या पाइपांचे नट, सगळ्यांवर तेलकट मातीचा जुना थर जशाच्या तसा. पाना लागला असता तर कडा चमकल्या असत्या. पंप उतरला नव्हता, नोझलही निघाले नव्हते. त्याने काही पुसायच्या आधी मी मोबाइलवर फोटो काढून ठेवले.

चार हीटर प्लग आणि मजुरी दोन हजारांच्या आत आटोपलं. पुढच्या पहाटे कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला, गाडी सुरू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून जी उष्णता होते तिच्यावर डिझेल पेटतं. थंडीत ती उष्णता गार सिलेंडर शोषून घेतो, म्हणून हीटर प्लग. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत पोचतंय, फक्त पेटत नाही. अशा वेळी पहिला संशय पंपावर घेणाऱ्यालाच संशयाने पाहावं. झिजलेला पंप बहुतेकदा उलटा वागतो. गरम झाल्यावर डिझेल पातळ होऊन पंपात आतल्या आत गळतं आणि गरम गाडी अडते. धूरच येत नसेल तर लाइनमध्ये हवा शिरते का, फिल्टर तुंबला का ते बघायचं. सेल्फ रेंगाळत असेल तर बॅटरी, टर्मिनल, अर्थची पट्टी. रिंगा झिजल्या तरी थंडीत त्रास होतो, हे खरं. पण मग ऑइलच्या झाकणातून धूर मारतो आणि ऑइलही कमी होत जातं. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं.

अशा कामाला गाडी दिली तर ती रात्रभर गॅरेजातच उभी ठेवा. सकाळी लवकर जाऊन इंजिनाला हात लावून पाहा, गार असेल तरच पहिला सेल्फ तुम्ही स्वतः मारा, आणि पैसे त्यानंतर मोजा. जुने पार्ट त्याच वेळी मागा. मी उशिरा मागितले तेव्हा पेपरात गुंडाळलेले चार नोझल हातात ठेवले. इलेक्ट्रिशियनने नंबर पाहिला तर ते माझ्या गाडीचे नव्हतेच.

पैसे अजून परत नाहीत. वहीच्या कागदावर ‘पंप काम 18,500’ एवढंच लिहिलेलं आहे, ना शिक्का ना पार्ट नंबर. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत 2 वर्षांची. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं कोणी म्हणेल. पण फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू 2019 च्या ग्राहक कायद्यात धंद्याच्या कामाची धरत नाहीत. फोटो, ते परके नोझल आणि इलेक्ट्रिशियनने लिहून दिलेला कागद घेऊन संत्र्याचा हंगाम उरकला की अमरावतीला तक्रार टाकणार आहे.