लिंबातलं रक्त आणि वांझ गेलेली बाग

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झाली, काड्या फुटल्या, पण घडच निघाले नाहीत. तासगाव भागात याला बाग वांझ गेली म्हणतात. डोक्यावर सोसायटीचं कर्ज. अशात एक पाहुणा म्हणाला, "एकदा बाहेरचं बघून घ्या." आई आणि दादा एका देवऋष्याकडे गेले.

तिथं बाहेरच्या बाकावर एक बाई आधीच बसलेली असते. ती आपलं रडगाणं सांगते, मग आपणही आपलं सांगतो. आत गेलं की महाराजांना सगळं ठाऊक! त्यानं लिंबू कापलं, लालभडक रस निघाला. "घरातलंच आहे. बाईमाणूस. जमिनीचं काही आहे का?" आईच्या तोंडून चुलतीचं नाव गेलं. बांधावरून त्यांचा अबोला होता. त्यानं स्वतः नाव घेतलंच नाही, हे नीट ध्यानात घ्या. उतारा, बंधन, बागेच्या चार कोपऱ्यांत पुरायचे नारळ, असे मिळून 61,000 रुपये गेले. चुलतीच्या दारचं पाणीसुद्धा बंद झालं, ते वेगळंच.

सुरीला मिथिल ऑरेंज लावलेलं असलं की लिंबाच्या आम्लानं ते लाल होतं. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवून पाणी शिंपडलं की नारळ पेटतो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते शाळांमधून हेच प्रयोग करून दाखवतात. घडांचं म्हणाल तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आभाळ भरलेलं राहिलं, काडीवरच्या डोळ्यांना ऊन मिळालं नाही, तिथंच घडनिर्मिती बिघडली. चुलतीची बागही तशीच होती!

हे सगळं आईला पटलं, तरी तिची भीती जाईना. आई माळकरी. एका संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "विठ्ठलाचं नाव घेताना मला जाऊबाईच दिसायच्या. करणी त्यांनी कुठली केली, राग माझ्यातच हुता. त्या मेल्यानं त्यो बरोबर हेरला." दुसऱ्या दिवशी ती बांध ओलांडून चुलतीकडे गेली. चुलती आधी खूप बोलली, आईनं ऐकून घेतलं. माझ्या मते उतारा तो हाच.

तक्रारीला आई बिचकत होती. वारी-भजनावर गदा येईल, असं तिला कुणीतरी भरवलेलं. तसं काही नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून वारी, कीर्तन, भजन वगळलेलं आहे. उलट अमक्यानं करणी केली, मंत्रानं जनावराचं दूध आटवलं, असं ठरवून एखाद्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची.

आम्ही दिली, चुलतीनंही जबाब दिला. पैसे अजून आलेले नाहीत. महाराजांच्या खोलीला कुलूप आहे, पण दुसऱ्या तालुक्यात बस्तान मांडलंय म्हणे. नाव बदललं असेल, वेशही. "भावकीत कुणाशी बोलणं बंद आहे का?" असं कुणी लिंबू हातात घेण्याआधी विचारलं, तर तिथूनच उठा.